२८ लिटरचा ओटीजी, केळ्याची बिस्किटं आणि खान्देशातला मे महिना

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला हा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) थंडीत फार गुणी वाटला. केक, नानकटाई, वरण-बट्टीतली बट्टी, सगळं नीट जमायचं. खरा कस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लागला. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, सोबत भाचरं, आणि मग शाळा उघडेपर्यंत घर भरलेलं. यंदा आंब्याचा रस नि सांजोऱ्यांच्या जोडीला फळं भरलेली बिस्किटं करायची ठरवली. जळगावची केळी घरात असताना (२०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय त्यांना) बाजारचा जॅम कशाला आणायचा?

आधी ओव्हनचं सांगते. १५०० वॉटचा आहे, साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. मिक्सरच्या साध्या सॉकेटला लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट हवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं मनातही आणू नका. आत पंखा नाही, त्यामुळे मागची रांग आधी लाल होते. निम्म्या वेळेला ट्रे फिरवायचा. टायमरची घंटा मात्र तिच्या मर्जीने वाजते. दुकानात सांगितलं तर "ताई, कंपनीला फोन करा", कंपनी म्हणते दुकानात दाखवा. मी आता मोबाइलवरच वेळ लावते.

पण ओव्हनपेक्षा जास्त छळलं ते हवेने. बटर ३२ ते ३५ अंशांत वितळतं आणि मे महिन्यात दुपारी आमचं स्वयंपाकघरच त्याच्या पुढे असतं. पीठ लाटायला घेतलं की पोळपाटाला चिकटतं, कडेने तूप सुटल्यासारखं दिसतं. म्हणून पीठ रात्रीच मळून फ्रिजमध्ये टाकायचं, पहाटे सहाच्या आत लाटायचं, आणि एका वेळी एकच गोळा बाहेर काढायचा. पाव किलो मैद्याला १२५ ग्रॅम बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, लागलंच तर चमचाभर थंड दूध.

सारण हा सगळ्या कामाचा जीव. पिकलेली केळी कुस्करून लिंबू पिळायचं, नाहीतर काळी पडतात. मग थोडा गूळ आणि वेलची घालून कढईची कड सोडेपर्यंत आटवायचं. पाणी राहिलं तर त्याची वाफ होते, बिस्किट फुटतं आणि सारण ट्रेवर जळून बसतं. आंब्याचा रस आटायला आणखी वेळ घेतो, पण आंबटपणामुळे तोच मला जास्त आवडला. लांब पट्टी लाटून मधोमध सारणाची ओळ, पट्टी दुमडायची, करंजीच्या कातण्याने तुकडे पाडायचे, वर काट्याने टोचायचं. १७० अंशांवर मधल्या खणात, दोन्ही रॉड चालू, १८ ते २० मिनिटं.

सासूबाईंनी एक तोडून बघितलं. "सांजोरीच आहे की, तळली नाही एवढंच!" म्हणाल्या आणि दुसरं उचललं. नणंदेच्या मुलांनी आंब्याची आधी संपवली.

टिकण्याचं म्हणाल तर सारणातली ओल दुसऱ्या दिवशी कवचात उतरते, खुसखुशीतपणा जातो. केळ्याची त्याच दिवशी संपवा, उरलीच तर फ्रिजमध्ये. परत जाताना डब्यात बांधून द्यायला साधी नानकटाईच बरी.

घ्यावा का? माणसं येती-जाती असतील तर घ्या, फक्त मोठा ट्रे बसेल असा बघा. भरताची वांगी मात्र यात भाजू नका. शिजतात, पण वाळक्या काटक्यांवर भाजल्याचा वास येत नाही. आम्ही ती अंगणातच भाजतो.