पावसात, गुहेत आणि रिंगणात: तीनपैकी कोणता मिररलेस घ्यावा?

मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा हे ठरलंय, बजेटही साधारण ठरलंय, पण बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) काही ठरत नाही. अशा वेळी बहुतेक जण मेगापिक्सेल आणि व्हिडिओचे आकडे शेजारीशेजारी लिहून काढतात. त्यातून फारसं हाती लागत नाही, कारण भर उजेडात या वर्गातले सगळेच कॅमेरे उत्तम फोटो देतात. फरक कळतो तो कॅमेरा अडतो तेव्हा. म्हणून ही तुलना अडचणींच्या अंगाने केली आहे, आणि तीही आपल्याच वाटांवरच्या: पावसाळी ट्रेक, अजिंठा, काजवे, वारी.

तुलनेत तीन बॉडी घेतल्या आहेत. ओएम सिस्टमची ओएम-५ (२०२२), फुजीफिल्मची एक्स-एस२० आणि सोनीची ए६७०० (दोन्ही २०२३). ओएम सिस्टम म्हणजे पूर्वीची ऑलिंपसच. कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळा होऊन २०२१पासून नव्या कंपनीकडे आहे. ओएम-५मध्ये २० मेगापिक्सेलचा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आहे, बाकी दोघांत २६ मेगापिक्सेलचा, आकाराने मोठा एपीएस-सी. एपीएस-सीचं क्षेत्रफळ सुमारे दीडपटीहून थोडं जास्त भरतं. फुल फ्रेम, म्हणजे याहून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, मुद्दाम बाहेर ठेवलाय. बॉडी परवडली तरी तिच्या लेन्सचं वजन आणि किंमत फिरस्त्याला जड जाते.

वजनाचंच बघा. बॅटरी आणि कार्डासह ओएम-५ भरते ४१४ ग्रॅम, आणि तिच्यासोबतची १२-४५ एफ/४ प्रो लेन्स २५४ ग्रॅम (पहिले आकडे झूमचे, मिमीमध्ये; एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त उजेड). सोनी ४९३, फुजी ४९१. या दोघांना शोभणारी सिग्माची १८-५० एफ/२.८ लेन्स आणखी २९० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गळ्यात साधारण ६७० विरुद्ध ७८० ग्रॅम. दुकानात हा फरक जाणवत नाही. हरिश्चंद्रगडावरून उतरताना मात्र जाणवतो.

पाऊस

इथे ओएम-५ सरळ पुढे आहे. तिला आयपी५३ मानांकन आहे, म्हणजे धूळ आणि फवाऱ्यापासून संरक्षण कितपत आहे हे एका ठरलेल्या चाचणीने तपासलेलं आहे. सोनीची बॉडी धूळ आणि ओलावा रोखेल अशी बांधलेली आहे, पण तिला असा आकडा नाही. एक्स-एस२०ला सीलिंगच, म्हणजे फटींतून पाणी-धूळ अडवणारं रबर, नाही. जून ते सप्टेंबर ज्यांचे शनिवार-रविवार घाटमाथ्यावर जातात त्यांनी फुजीचा हा उणेपणा हलक्यात घेऊ नये. फुजीच हवी असेल तर सीलिंग असलेली एक्स-टी५ बघावी, मग बजेट वाढतं.

आयपी५३मधला ३ हा आकडा नीट समजून घ्या. उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतच्या कोनातून येणारा फवारा बॉडी सोसते, एवढंच त्यात म्हटलंय. नाणेघाटात किंवा कोकणकड्यावर पाऊस वारा घेऊन खालून वर येतो. त्या पावसाची हमी हे मानांकन देत नाही. बॉडीइतकीच लेन्सही सीलबंद लागते. सिग्माच्या त्या लेन्सला माऊंटपाशी (बॉडीला जोडते तिथे) रबर आहे, पण ते तेवढंच. शिवाय बॅटरीचं आणि केबलचं झाकण नीट बसलेलं नसेल तर मानांकनाचा काहीच उपयोग नाही. कॅमेरा कोणताही असो, रेनकव्हर आणि सुती फडकं पाठपिशवीत असू द्या.

पावसातली खरी डोकेदुखी थेंबांपेक्षा वाफेची असते. एसी गाडीतून उतरून कॅमेरा बाहेर काढला की गार काचेवर दमट हवेतली वाफ धरते आणि समोरचं सगळं पांढरं दिसतं. फडक्याने पुसून ती जात नाही, लगेच परत धरते. पोहोचायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करा, किंवा कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीसकट बाहेरच्या हवेत येऊ द्या. वाफ मग पिशवीवर धरते. लेन्स धुरकट असताना ती बदलायला जाऊ नका, तीच वाफ सेन्सरवर बसते.

घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवला की बुरशीला आमंत्रण. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकली की लेन्सच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरू शकते आणि काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम भागतं. किनारपट्टीवर, मुंबईपासून गोव्यापर्यंत, हा खर्च दुसऱ्या लेन्सच्या आधी करावा असं माझं ठाम मत आहे.

अजिंठा

लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड जेमतेम. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दीत उभं राहून हातात धरूनच फोटो काढायचा असतो. समजा एफ/२.८, १/१५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० असं मोजमाप आलं. ओएम-५वर एफ/४ची लेन्स असेल तर त्याच वेगाला आयएसओ ६४०० लागेल, आणि लहान सेन्सरवर त्याची रवाळ खूण लगेच दिसेल. पण तिचं स्थिरीकरण बॉडीतच साडेसहा स्टॉपचं आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवण्याची मुभा). तेव्हा वेग १/४ सेकंदावर आणला की आयएसओ १६०० पुरतो आणि भित्तिचित्र तरीही हललेलं दिसत नाही. फुजीचं स्थिरीकरण कागदावर सात स्टॉपचं, सोनीचं पाचचं. सोनी इथे मागे आहे हे मान्य करायला हवं, पण एफ/२.८ आणि मोठा सेन्सर तिला सावरून घेतात.

स्थिरीकरण तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याला नाही. भिंतीसाठी १/४ सेकंद चालतो. त्या भिंतीकडे डोळे लावून उभ्या असलेल्या आजींचा चेहरा टिपायचा असेल तर १/१२५ तरी हवाच. तिथे मोठा सेन्सर आणि एफ/२.८ यांना पर्याय नाही. देवळातले, लग्नातले, घरातले माणसांचे फोटो हा तुमचा मुख्य छंद असेल तर ओएम-५ माझ्या यादीतून इथेच उतरते.

काजवे

मे सरता सरता भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला झाडं काजव्यांनी लखलखतात. याच ठिकाणी ओएम-५ बाकी दोघांना फार मागे टाकते. तिच्यात लाइव्ह कॉम्पोझिट नावाची सोय आहे. कॅमेरा आधी झाडाचा एक फोटो घेतो आणि मग एकामागून एक एक्स्पोजर घेत राहतो. प्रत्येकातून जिथे नवा, जास्त तेजस्वी उजेड आला तेवढाच भाग पहिल्यात मिसळतो. त्यामुळे आकाश पांढरं होत नाही आणि काजवे मात्र वाढत जातात. पडद्यावर चित्र भरताना दिसतं, पुरेसं झालं की थांबवायचं. गडावरून ताऱ्यांच्या रेषा घेण्याचीही हीच रीत, आणि ताऱ्यांवर स्वतःहून फोकस धरण्याची सोयही या बॉडीत आहे.

सोनी किंवा फुजीवर हेच काम होतं, पण ठरावीक अंतराने शंभर-दोनशे फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकत्र करायचे. ज्यांना ते करायला आवडतं त्यांना यात तोटा नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळाच्या फोटोतले रवे काढणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो. आणि कॅमेरा आपोआप झोपण्याची वेळ वाढवा: आताच्या बहुतेक लेन्समध्ये फोकसची रिंग विजेवर चालते, कॅमेरा झोपून उठला की अंधारात कष्टाने लावलेला फोकस हलू शकतो. टॉर्च मारून पुन्हा लावू म्हटलं तर काजव्यांना त्रास, आणि शेजारी उभ्या प्रत्येकाचा फोटो वाया.

रिंगण

आता सोनीची पाळी. वारीतलं रिंगण म्हणजे धूळ, पताका, हजारो हात आणि त्यामधून भरधाव येणारा अश्व. ए६७००मध्ये विषय ओळखण्यासाठी वेगळा प्रोसेसर आहे. माणूस, प्राणी, पक्षी, कीटक, वाहन असा विषय सांगितला की मध्ये पताका आली तरी फोकस सहसा अश्वावरच टिकतो. फुजीही प्राणी ओळखते, पण ती ओळख चालू केली की चेहरा ओळखणं बंद होतं, आणि गर्दीतून सतत पाठलाग करण्यात ती सोनीइतकी भरवशाची नाही. ओएम-५ फक्त चेहरे आणि डोळे ओळखते. अश्वासाठी तिच्यावर फोकसचा चौकोन हातानेच सांभाळावा लागतो. सराव असेल तर जमतं, पण अश्व काही दुसरी संधी देत नाही.

शटर यांत्रिकच ठेवा, वेग १/१०००च्या वर. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि धावत्या अश्वाचे पाय तिरके येतात. ही अडचण तिन्हींत आहे. रात्री कीर्तनाच्या मांडवात एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात तेही बहुधा याच शटरमुळे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० वेगाला पट्टे सहसा जातात.

रिंगणात लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच असतो. पुढच्या महिन्यात निळ्या आकाशात काळे ठिपके दिसायला लागले की कॅमेरा बिघडला असं वाटतं, पण ती धूळ असते. एफ/१६ लावून फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सगळे ठिपके उघडे पडतील. कॅमेरा खाली तोंड करून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर कधीही नको, थुंकीचे कण काचेवर वाळतात. धूळ झटकण्यात ऑलिंपसचा हातखंडा जुना: २००३च्या ई-१पासून त्यांच्या सेन्सरपुढची काच सेकंदाला तीस हजार वेळा थरथरते, आणि ओएम-५वर हे ठिपके खरोखरच कमी दिसतात.

रंग, बॅटरी आणि फोटो पाठवणं

संगणकावर बसून फोटो घडवायचा कंटाळा असेल तर फुजी घ्या, यात मला शंका नाही. एक्स-एस२०मध्ये १९ फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मसारखे तयार रंग) आहेत आणि त्यांचे जेपीईजी तसेच्या तसे पाठवण्याजोगे असतात. क्लासिक क्रोममध्ये वाड्यांचे दगड आणि जुनं लाकूड फार सुंदर उतरतं. व्हेल्व्हिया मात्र कासच्या पठारावर जपून वापरा. तिथली हिरवाई मुळातच इतकी गडद असते की फुलांमधला बारकावा हरवतो. सोनीचे रंग आता चांगले आहेत, तरी रॉवर (कॅमेऱ्याने न घडवलेल्या कच्च्या फाइलवर) थोडा हात फिरवला की जास्त खुलतात.

बॅटरीत ओएम-५ मागे पडते. कंपनीच्या मोजणीने एका चार्जमध्ये तिचे ३१० फोटो, सोनीचे ५७०, फुजीचे ७५०च्या आसपास. ट्रेकला दोन जादा बॅटऱ्या धराच. शिवाय मूळ ओएम-५ला जुनं मायक्रो यूएसबी आहे, फोनची केबल लागत नाही. २०२५च्या ओएम-५ मार्क २मध्ये यूएसबी-सी आलं आहे. घेणार असाल तर ते बघा.

मेगापिक्सेलची काळजी सोडा. १२ बाय १८ इंची प्रिंटलाही २० मेगापिक्सेल व्यवस्थित पुरतात. ग्रुपवर पाठवलेला फोटो फिकट, फुटलेला दिसतो तो व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फरक लगेच दिसेल.

नव्या कॅमेऱ्याबरोबर हमखास येणाऱ्या दोन तक्रारी. पहिली, स्क्रीन मधूनच काळी पडते: व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर पोट किंवा हात जवळ आला की डोळा समजून स्क्रीन बंद करतो, मेनूत डिस्प्ले फक्त मॉनिटरवर ठेवा. दुसरी, घरातली जुनी ५० एमएम लेन्स ॲडॅप्टरवर लावली की शटर दबतच नाही: लेन्सशिवाय शटर चालू द्या, असा पर्याय मेनूत असतो, तो चालू करा.

मग कोणता?

पावसाळी ट्रेक, गड, काजवे, तारे, आणि माणसांपेक्षा निसर्ग जास्त असेल तर ओएम-५. मुलं, वारी, पक्षी, लग्नं असं सगळंच थोडंथोडं असेल तर ए६७०० आणि सिग्मा १८-५०. एकच कॅमेरा पुढची काही वर्षं पुरवायचा असेल तर बहुतेकांना मी हाच सांगेन. भटकंती कोरड्या दिवसांतली असेल, वाडे, बाजार, देवळं, खाणं यांचे फोटो त्याच संध्याकाळी घरच्यांना पाठवायचे असतील तर एक्स-एस२०.

पैसे देण्याआधी दोन फोन करा. एक त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला: तुमच्या शहरात दुरुस्ती होते का, की कॅमेरा बाहेरगावी पाठवावा लागतो. ओएम सिस्टमच्या बाबतीत हे आधी विचाराच. दुसरा दुकानदाराला: बिल आणि वॉरंटी कार्ड भारतातलं आहे का. स्वस्तात मिळणाऱ्या आयात मालावर ते बहुधा नसतं, आणि ओलावा गेलेली बॉडी घेऊन काउंटरवर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न त्याचाच येतो.