गोडो इंजिन, आठ महिने आणि उसाचा ट्रॅक्टर

आम्ही सांगलीचे, त्यामुळं पहिला गेम उसाच्या ट्रॅक्टरचाच होणार होता, फडात ट्रॉली भरायची आणि खड्डे चुकवत कारखान्याच्या काट्यावर न्यायची. गोडो म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट, ओपन सोर्स, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. एडिटर चांगलाय, त्यावर जास्त बोलत नाही, मला सांगायचंय वेगाबद्दल, कारण माझे तीन महिने तिथंच गेले.

पैसे भरून केलेल्या एका कोर्समध्ये सांगितलेलं की रिजिड बॉडीची (फिजिक्सच्या नियमानं हलणारी वस्तू) लिनियर व्हेलॉसिटी, म्हणजे सरळ दिशेचा वेग, दर फ्रेमला सेट करा, झालं काम. मी पण तसंच केलं, पुढं 5 (सेकंदाला मीटर), वरखाली 0. सपाट रस्त्यावर झकास, पण बांधावरनं उतरायची वेळ आली की ट्रॅक्टर हवेतच, कारण ग्रॅव्हिटीनं दिलेला वेग मीच दर फ्रेमला पुसत होतो. आणि ट्रॉली भरलेली असो नाहीतर रिकामी, पळणार सारखाच. आमच्या आप्पांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवलाय, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "लोड कुठाय रं ह्याला?"

आता काय करतो, तर पुढच्या दिशेला पाहिजे तो वेग वजा आत्ताचा वेग, गुणिले वजन (किलोत), तेवढा इम्पल्स, म्हणजे एका झटक्याचा धक्का, पण एका टिकला (फिजिक्सच्या हिशोबाच्या एका फेरीला) जास्तीत जास्त 60. टिक सेकंदाला 60 असतात. दोन टनाचा नुसता ट्रॅक्टर 3 वरनं 5 ला सव्वा सेकंदाच्या आत जातो, मागं सहा टनाची ट्रॉली जोडली की जवळपास साडेचार सेकंद लागतात. वरखालचा वेग ग्रॅव्हिटीकडंच ठेवला. हा कोड दर टिकला चालणाऱ्या फिजिक्स प्रोसेसमध्येच टाका बरं का, मी एकदा चुकून दर फ्रेमला चालणाऱ्या साध्या प्रोसेसमध्ये टाकला आणि मिरजेच्या दोस्ताच्या 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर ट्रॅक्टर बुलेटसारखा सुटला.

दुसरी गंमत फडातल्या 200 मोळ्यांची. हलू नयेत म्हणून प्रत्येकीचा वेग दर टिकला शून्य करत होतो आणि लॅपटॉपचा फॅन बोंबलत होता. वेग सेट केला की झोपलेली बॉडी (हलत नाही म्हणून इंजिननं हिशोबातनं बाजूला ठेवलेली) जागी होते, मग शून्य का असेना. ती एक ओळ काढली, मोळ्या झोपल्या, फॅन पण गप्प.

ट्रॉलीसकट रिव्हर्स अजून जमलेलं नाही, ट्रॉली आडवीच होते. आप्पा म्हणतात ते खऱ्यातबी सगळ्यांना जमत नाही.