एपिकवर आज की स्टीमवर वर्षाने? देवगडातून दिलेलं उत्तर

गेल्या गणपतीत आरती आटोपली आणि डोंबिवलीचा पुतण्या माझ्या खोलीत येऊन बसला. "काका, तो गेम एपिकवर आलाय. स्टीमवर वर्षाने येणार म्हणतात. घेऊ की थांबू?" बाहेर भजनाला माणसं जमत होती, मला पेटी वाजवायला बसायचं होतं, म्हणून तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देऊन उठलो. त्याचं समाधान झालं नाही हे दिसलं. त्याच्यासारखे बरेच जण याच प्रश्नावर अडलेले असतात, म्हणून राहिलेलं उत्तर इथे लिहितो.

कंप्युटरवरचे गेम विकणाऱ्या तिन्ही ऑनलाइन दुकानांत मी माझे पैसे घातले आहेत: स्टीम, एपिक आणि गॉग. कुठे कोणता गेम मिळतो आणि लाँचर (ज्यातून गेम उघडतो तो दुकानाचा प्रोग्राम) कसा दिसतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझा कल कुठे आहे तेही पुढे कळेल, पण आधी हा एक्सक्लुझिव्हचा, म्हणजे गेम एकाच दुकानात विकण्याचा, व्यवहार काय आहे ते पाहू. त्यावर लोक उगाच तापतात, असं माझं मत आहे.

आमच्याकडे आंब्याच्या कलमांच्या बाबतीत हा व्यवहार जुना आहे. मोहोर धरला की व्यापारी येतो, बागेत फिरतो, उचल देतो आणि त्या हंगामापुरती बाग कराराने घेतो. नंतर तुडतुडा पडला किंवा अवकाळी पाऊस झाला तर नुकसान त्याचं, आणि झाडं लगडली तर फायदाही त्याचाच. बागायतदाराला थोडं कमी मिळतं, पण रात्री झोप लागते. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने दुकान उघडलं आणि नेमकं हेच केलं. स्टुडिओला सांगितलं, अमुक इतकी विक्री होईल असं धरून पैसे आधीच देतो, तेवढी झाली नाही तरी परत मागणार नाही, पण पीसीवर वर्षभर माल फक्त आमच्या गाळ्यावर. 'कंट्रोल' या गेमसाठी असे सुमारे ९५ लाख युरो आल्याची नोंद त्याच्या प्रकाशकाच्या मूळ इटालियन कंपनीच्या हिशोबात सापडली, तेव्हा उचल किती मोठी असते ते लोकांना कळलं.

दुसरा मुद्दा आडतीचा, म्हणजे दुकानाच्या कमिशनचा. स्टीम शंभरातले तीस ठेवतं, एपिक बारा. गंमत अशी, की एपिकचं दुकान उघडायच्या जेमतेम आठवडाभर आधी स्टीमने आडत उतरवली, पण कोणासाठी? ज्याचा गेम १ कोटी डॉलरच्या वर विकतो त्याला पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर गेला तर २० टक्के. लहान बागायतदाराची आडत तीसच राहिली. स्पर्धेचा पहिला फायदा मोठ्यांना मिळाला. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी २०१९ च्या एप्रिलमध्ये जाहीरपणे म्हणाले होते, की स्टीमने सगळ्यांना कायमचे ८८ टक्के दिले आणि आडून अटी घातल्या नाहीत, तर आम्ही एक्सक्लुझिव्ह करार आवरते घेऊ. तसं काही झालं नाही. पुढे जून २०२५ पासून एपिकने प्रत्येक गेमच्या वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर आडतच काढून टाकली. छोट्या स्टुडिओचं भलं व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने एपिकवर घेणं चुकीचं नाही. हे मी खरंच म्हणतो.

पण आडत कमी झाली म्हणून माझ्या खिशाला काय मिळालं? जवळजवळ काही नाही. 'मेट्रो एक्झोडस' अमेरिकेत ६० ऐवजी ५० डॉलरला लावला होता, असं क्वचित घडतं. एरवी दोन्हीकडे भाव सारखाच. याला स्टीम जबाबदार आहे, दुसरीकडे स्वस्त विकू देत नाही, असा दावा वुल्फायर नावाच्या छोट्या स्टुडिओने २०२१ मध्ये अमेरिकन कोर्टात लावला. त्याचं जे व्हायचं ते होवो, वाशीत आडत उतरली म्हणून दादरच्या गिऱ्हाईकाला आंब्याची पेटी स्वस्त मिळाल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

याच 'मेट्रो'ने लोक सर्वांत जास्त चिडले. गेम १५ फेब्रुवारी २०१९ ला यायचा होता, स्टीमवर बुकिंग चालू होतं, आणि जानेवारीच्या शेवटी जाहीर झालं की आता एपिकवरच. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना स्टीमवर मिळाला, बाकीच्यांनी वर्ष मोजावं. पेटीचं बुकिंग घ्यायचं आणि माल दुसऱ्याच गाळ्यावर उतरवायचा, याला आमच्याकडेही चांगलं म्हणत नाहीत. तरी एक आठवण करून देतो. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' ची डिस्क दुकानातून रोख देऊन आणली तरी स्टीम टाकल्याशिवाय गेम चालत नसे. तेव्हा लोकांनी स्टीमलाही अशाच शिव्या घातल्या होत्या. आज तेच लोक स्टीमच्या बाजूने भांडतात. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' सुद्धा ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला आणि पीसीवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली. त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही.

तेव्हा एक्सक्लुझिव्ह आहे म्हणून एपिकला नाही म्हणू नका. माझं कारण वेगळं आहे आणि जरा घरगुती आहे.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आमच्याकडे चार दिवस नेट नव्हतं. वळणावरचं आईनाचं झाड तारांवर पडलं, त्याने फायबरही तोडली. मोबाइलचा टॉवर पहिल्या रात्रीपर्यंत तग धरून होता, मग तोही गप्प झाला. तिसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास आई माजघरातून ओरडली, "लाईट इली!" इन्व्हर्टर केव्हाच मेला होता. मी लॅपटॉप लावला. बाहेर पाऊस कोसळतोय, शेतात जाता येत नाही, फोन नाही, कोणी येणार नाही. गेम खेळायला याहून चांगली रात्र वर्षात येत नाही. पैसे देऊन घेतलेला, डिस्कवर उतरवून ठेवलेला, एकट्याने खेळायचा गेम होता. क्लिक केलं. गेमआधी प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर उघडला (दुकानात दुकान, हा प्रकार मला कधीच समजला नाही) आणि म्हणाला, इंटरनेट तपासा.

त्या प्रकाशकाचं नाव घेत नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं होत नसेलही. पण त्या रात्री मी जो चिडलो, तो राग अजून गेलेला नाही. गेममधल्या घोड्यावर, तलवारीवर, कशावर राग नव्हता. माझ्याच घरात माझ्याच वस्तूसाठी कोणाची तरी परवानगी मागायची आणि ती द्यायला पलीकडे कोणी नाही, हे डोक्यात बसलं. तेव्हापासून कुठलंही दुकान मी एकाच प्रश्नाने तोलतो: आषाढात चालेल का?

गॉगवर चालतं. तिथे गेमचा इन्स्टॉलर फाइल म्हणून उतरवता येतो, हार्ड डिस्कवर ठेवता येतो, आणि पुढे लाँचर, लॉगिन, नेट काही लागत नाही. २००८ मध्ये जुन्या गेमचं दुकान म्हणून सुरू झालं तेव्हापासून त्यांचा हा धर्म आहे. त्याच रात्री कपाटातल्या हार्ड डिस्कवरून 'विचर ३' चढवला आणि दोन वाजेपर्यंत बसलो. सकाळी आईने विचारलं, डोळे का सुजलेत.

स्टीमचा ऑफलाइन मोड आहे आणि तो बरा आहे. अट एवढीच, की आधी त्या मशीनवर नेट असताना लॉगिन करून ठेवलेलं हवं आणि गेम पूर्ण अपडेट झालेला हवा. अपडेट अर्ध्यावर लटकलं असेल तर गेम उघडत नाही. म्हणून मृग लागायच्या आधी, कौलं शाकारायच्या दिवसांत, मी एक संध्याकाळ गेम अपडेट करण्यात घालवतो. बायको हसते. एपिकवर ऑफलाइन चालणं बरंचसं त्या त्या गेमवर असतं. काही निमूट उघडतात, काहींना नेट लागतंच. विकत घेण्याआधी हे नेमकं कळत नाही आणि मला तेच खुपतं.

आता गॉगच्या उण्या बाजू. नाहीतर पुतण्या म्हणेल, काका एकतर्फी बोलतो. मी घेतले तेव्हा भाव डॉलरमध्ये होते. कार्डावर बँक वरून थोडं कापते आणि नक्की किती कापलं ते महिन्याच्या शेवटी कळतं. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत भाव आहेत आणि बरेच गेम इथल्या खिशाकडे बघून लावलेले असतात. एकच गेम दोन्हीकडे बघितला तर कित्येकदा स्टीमवर दीडशे-दोनशे रुपये वाचतात. गॉगवर मोठे नवे गेम उशिरा येतात, काही येतच नाहीत. इन्स्टॉलर ठेवला की नवं अपडेटही आपणच पुन्हा उतरवायचं. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर मित्र स्टीमवरच आहेत, हे आपण कबूल करून टाकू.

पैसे परत मिळण्याचं सांगतो, कारण आमच्या नेटवर ते फार महत्त्वाचं आहे. स्टीम आणि एपिक दोघांचाही नियम चौदा दिवस आणि दोन तासांच्या आत खेळलेलं. ऐकायला भरपूर वाटतं. 'रेड डेड रिडेम्प्शन २' ला १५० जीबी जागा लागते. माझे सहा दिवस नुसते उतरवण्यात गेले आणि मधे दोन दिवस भात लावणीत. सातव्या-आठव्या दिवशी पहिल्यांदा उघडला आणि दोन तास तर नुसते बर्फातून चालण्यात जातात. गॉगवर तीस दिवस मिळतात, खेळला असलात तरी. इतकी सूट दिली की मग मागायलाच लाज वाटते. मी एकदाही मागितलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी लोक वाचत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे २०२४ च्या शेवटापासून स्टीमच्या खरेदीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की तुम्ही गेम नाही, परवाना घेताय. कायद्याने तसं गॉगवरही परवानाच मिळतो. फरक असा, की इन्स्टॉलर माझ्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आईकडे.

एपिकचं एक मान्य करायलाच हवं. दर गुरुवारी रात्री साडेआठला, थंडीत साडेनऊला, फुकट गेम मिळतो. मे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'जीटीए ५' फुकट दिला तेव्हा गर्दीने त्यांची साइटच बसली होती. हा दानधर्म नव्हे. ॲपलबरोबरच्या खटल्यात जी कागदपत्रं बाहेर आली, त्यांवरून दिसतं की पहिल्या नऊ महिन्यांच्या फुकट गेमसाठी त्यांनी १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यावर सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. माझं खातं तसंच उघडलेलं आहे. गुरुवारी जातो, फुकटचा उचलतो आणि घरी येतो. पैसे मात्र तिथे फक्त दोनदा घातलेत.

थांबण्याबद्दल. हे आम्हा लोकांना सांगावं लागत नाही. फेब्रुवारीतली पहिली पेटी मुंबईतला हौशी माणूस घेतो, फोटो टाकतो आणि अर्धे आंबे आंबट निघतात. मेमध्ये तोच आंबा अढीत नीट पिकून निम्म्या भावाला मिळतो. 'बॉर्डरलँड्स ३' एपिकनंतर सहा महिन्यांनी स्टीमवर आला. 'हेडीस' डिसेंबर २०१८ मध्ये एपिकवर कच्चा आला, वर्षाने स्टीमवर, आणि पूर्ण तयार झाला तो सप्टेंबर २०२० मध्ये. थांबलेल्यांचं काय बिघडलं? काही गेमचा मात्र मे कधी येतच नाही. 'ॲलन वेक २' ऑक्टोबर २०२३ चा, पण त्यात पैसाच एपिकचा आहे, त्यामुळे तो दुसऱ्या गाळ्यावर येईल म्हणून वाट बघत बसू नका. तो हवा असेल तर तिथेच घ्या. माझ्या दोन खरेद्यांतली एक तीच आहे आणि पश्चात्ताप नाही.

पुतण्याला परवा फोनवर हे सगळं सांगितलं. डोंबिवलीत नेट जात नाही आणि मित्र आजच त्या गेमबद्दल बोलतायत, तर तू एपिकवर आज घेतलास तरी मी तुला वेडा म्हणणार नाही. इथे येऊन मे महिन्यात आणि गणपतीत खेळायचा असेल तर मी थांबलो असतो. गॉगवर आला तर तिथे, नाहीतर स्टीमवर, सेलमध्ये.

तो म्हणाला, "म्हणजे तू गॉगच म्हणतोयस." मी म्हटलं, मी काही म्हणत नाही, पण येताना तुझी मोठी हार्ड डिस्क घेऊन ये. तुमच्याकडे एका रात्रीत जे उतरतं त्याला मला आठवडा लागतो. त्याने विचारलं, कोणत्या दुकानातलं उतरवून आणू. मी नाव सांगितलं आणि तो बराच वेळ हसत राहिला.