बॉयलरच्या स्क्रूवरचा पांढरा रंग

"हे स्वयंपाकघर शेवटचं कधी रंगवलं?" इंजिनिअरने विचारलं.

"मे २०२१ मध्ये," मी म्हटलं.

त्याने टॉर्च मारून बॉयलरच्या झाकणाखालचे दोन स्क्रू दाखवले. रंगाऱ्याच्या ब्रशचा पांढरा रंग त्यांच्या खाचांत भरून वाळला होता. कुठे तडा नाही, ओरखडा नाही. "म्हणजे त्यानंतर हे झाकण कोणीच उघडलेलं नाही," तो म्हणाला. माझ्या हातात सर्व्हिसिंगच्या तीन पावत्या होत्या: ऑक्टोबर २०२१, ऑक्टोबर २०२२, ऑक्टोबर २०२३.

हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण ज्या माणसाने आम्हाला फसवलं तो एकट्या आमच्याच घरी येत नव्हता, आणि इंग्लंडमध्ये नव्याने घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना या यंत्रातलं काहीच माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं.

आम्ही लंडनजवळ स्लावला राहतो. घर घेतलं तेव्हा गॅसवर चालणारा जुना बॉयलर मोडकळीला आला होता, म्हणून २०२० च्या उन्हाळ्यात नवा बसवला. नळाचं गरम पाणी आणि सगळ्या खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर एकाच पेटीवर चालतात, तो कॉम्बी. सात वर्षांची वॉरंटी होती आणि तिची अट साधी होती: दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून सर्व्हिसिंग करून पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. बसवणारा पहिल्याच वर्षी दुसऱ्या गावी निघून गेला. मग नेहमीसारखं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, "बॉयलरसाठी कोणी चांगला माणूस?" तासाभरात नंबर मिळाला. "आमच्याकडे दोन वर्षं येतो, स्वस्त आहे, वेळ पाळतो."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साठ पौंड घ्यायचा, तेव्हा बाकीचे नव्वदच्या आसपास सांगत होते. ठरल्या वेळी दारात हजर. बूट काढून आत यायचा, सासूबाई, म्हणजे आई, इथे असल्या तर हात जोडून नमस्कार करायचा. बॉयलरसमोर उभा राहून बटणं दाबायचा, गरम पाण्याचा नळ सोडून बघायचा, पाण्याचा दाब कमी दिसला तर खालची चावी फिरवून काटा दीडवर आणायचा. मग ओल्या फडक्याने बाहेरचं झाकण लख्ख पुसायचा आणि कडेला पिवळा स्टिकर चिकटवायचा: तारीख, सही, एक नोंदणी क्रमांक. वीस मिनिटं. चहा झाला की पंचवीस.

तिसऱ्या वर्षी म्हणाला, "फिल्टरमध्ये गाळ साठलाय, साफ करून केमिकल घालावं लागेल." त्याचे ऐंशी पौंड जास्त. मी तेव्हा वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. खाली आले तर काम झालेलं होतं. रोख एकशे चाळीस दिले.

मी एकदाही त्याचं कार्ड मागितलं नाही. इथे घरात गॅसचं काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर असावाच लागतो, हा कायदा आहे. एप्रिल २००९ पासून ही यादी आहे. त्याआधी कोर्गी नावाच्या संस्थेची होती, म्हणून जुनी माणसं अजून 'कोर्गीवाला' म्हणतात. यादीतल्या प्रत्येकाकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि पाठीमागे तो कोणकोणतं काम करू शकतो ते लिहिलेलं असतं. एखाद्याला फक्त शेगडीचं काम करायची परवानगी असते, बॉयलरची नसते. हे मला ऐकून माहीत होतं. पण ओळखीतून आलेल्या, आईंना हात जोडून नमस्कार करणाऱ्या माणसाला "कार्ड दाखवा" कसं म्हणायचं? भीड पडली. त्याचा सगळा धंदा या भिडेवरच चालत होता, हे आता कळतंय.

डिसेंबर २०२३ मध्ये बॉयलरमधून गुडगुड आवाज यायला लागला, हुक्का ओढल्यासारखा. त्याला फोन केला. "हवा धरली असेल, रेडिएटरची हवा काढा." काढली. आवाज तसाच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाणी गोठत असताना, बॉयलर पेटायचा आणि विझायचा. शेवटी स्क्रीनवर बिघाडाचा आकडा येऊन बंदच पडला. त्याने फोन उचलला नाही. मग कंपनीला फोन केला आणि कंपनीचा इंजिनिअर आला.

त्याने आधी ओळखपत्र पुढे केलं. मी न मागता. मग पुस्तिका मागितली. तिच्या शेवटच्या पानांवर दरवर्षीच्या सर्व्हिसिंगसाठी रकाने असतात: तारीख, इंजिनिअरचा क्रमांक, धुरातल्या वायूंचं मोजमाप, फिल्टर तपासला का. आमचे सगळे रकाने कोरे. मी स्टिकर दाखवले. त्याने काही न बोलता टॉर्च काढला आणि स्क्रू दाखवले.

रंग खरवडून झाकण काढलं. या नव्या बॉयलरमध्ये धूर थंड होताना त्यातल्या वाफेचं पाणी होतं, ते एका सापळ्यात गोळा होऊन नळीने बाहेर जातं. तो सापळा चिखलाने पार बुजला होता. पाणी मागे साचून भट्टीपर्यंत चढलं होतं. गुडगुड आवाज त्याचा होता, रेडिएटरमधल्या हवेचा नव्हता. ठिणगीचा इलेक्ट्रोड आणि भट्टीच्या दाराचं सील खराब झालं होतं. मग त्याने रेडिएटरच्या पाण्यातला गंज धरणारा, बाहेरचा लोहचुंबकी फिल्टर उघडला. तीनच महिन्यांपूर्वी ऐंशी पौंड देऊन 'साफ' केलेला फिल्टर. बादलीत काळीभोर लापशी पडली. लोहचुंबकावर बोटभर जाड थर होता.

सापळा धुऊन त्याने बॉयलर कसाबसा पेटवला आणि धुराच्या पाइपला असलेल्या छिद्रात मोजणीयंत्राची नळी घातली. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर आमच्यासारख्या बॉयलरला ०.००४ च्या आत असावं लागतं. आमचं ०.०११ आलं. त्याने पुन्हा मोजलं, तेवढंच. म्हणजे गॅस अर्धवट जळत होता. त्याने मला विचारून बॉयलर बंद केला आणि त्यावर 'अ‍ॅट रिस्क', म्हणजे धोका संभवतो, अशी चिठ्ठी लावली.

त्या आठवड्यात आईंचं डोकं दुखत होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, ग्लानी अशी लक्षणं. साध्या सर्दीतापासारखीच वाटतात. मी त्याला विचारलं तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. त्याने स्वयंपाकघरात, जिन्यात, आईंच्या खोलीत यंत्र फिरवलं. सगळीकडे शून्य. हा बॉयलर बाहेरचीच हवा घेतो आणि बाहेरच सोडतो. पेटी आणि पाइप घट्ट होते म्हणून घरात काही आलं नव्हतं. आईंना सर्दीच होती. पण तो पाइप एखाद्या सांध्यात सैल असता तर? आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून गेलेल्या माणसांच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचल्या आहेत. तो हाच वायू. आणि आमच्या घरात या वायूचा साधा अलार्मही नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नवा बॉयलर बसवताना आणि भाड्याच्या घरात तो सक्तीचा झाला, आमचा बॉयलर त्याआधीचा. वीस पौंडांच्या आसपास मिळतो. मी त्याच संध्याकाळी आणला.

पुस्तिका कोरी, म्हणून वॉरंटी गेली. इलेक्ट्रोड, सील, साफसफाई, मजुरी मिळून तीनशे पंच्याऐंशी पौंड भरले. सुटे भाग येईपर्यंत दोन दिवस एका खोलीत विजेचा हीटर लावून सगळे बसलो. तीन वर्षांत त्या माणसाला दिलेले दोनशे साठ वेगळे. नव्वदवाल्याकडून तीन वेळा करून घेतलं असतं तर दोनशे सत्तर झाले असते. दहा पौंड वाचवले होते आम्ही.

दुसऱ्या दिवशी स्टिकरवरचा क्रमांक गॅस सेफच्या यादीत टाकून पाहिला. क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच माणसाचा. त्या गृहस्थांना फोन केला तर ते स्लावच्या बाजूला कधी कामाला आलेच नव्हते. त्यांचा क्रमांक कुणीतरी वापरतंय हे ऐकून ते माझ्याहून जास्त हादरले. गॅस सेफकडे तक्रार केली. त्यांचा निरीक्षक घरी येऊन सगळं पाहून गेला, त्याचे पैसे लागले नाहीत. ग्राहकांना मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ०८०८ २२३ ११३३ या क्रमांकावरही कळवलं. तिथून माहिती फसवणाऱ्या व्यावसायिकांची चौकशी करणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे जाते. पैसे मात्र परत आले नाहीत. रोख दिलेल्या पैशांचा माग बँकेलाही काढता येत नाही, आणि त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

ग्रुपवर लिहिलं तेव्हा रात्री दोन घरांतून फोटो आले. तोच पिवळा स्टिकर, तोच क्रमांक. त्यातल्या एका ताईंचं प्रकरण आमच्याहून वाईट. त्यांनी आपलं जुनं घर भाड्याने दिलंय. स्वतःच्या घरात सर्व्हिसिंग करावं की नाही हे आपल्यावर असतं, पण घरमालकाला भाडेकरूच्या घरातल्या गॅसची तपासणी दर वर्षी करून घ्यावीच लागते आणि तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. तो दाखला त्याच माणसाने लिहून दिला होता. म्हणजे कायद्याने तपासणी झालेलीच नव्हती, आणि त्या घरात भाडेकरूंचं आठ महिन्यांचं बाळ होतं. ताई त्याच रात्री गाडी काढून तिकडे गेल्या.

पण त्यानंतर ग्रुपवर जी चर्चा झाली तिने मला जास्त अस्वस्थ केलं. बहुतेकांचं म्हणणं, "हे सर्व्हिसिंग म्हणजे पैसे काढायचा धंदाच आहे. बंद पडेल तेव्हा बघू." आमचंच उदाहरण देऊन हे सांगत होते. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या बॉयलरचं सर्व्हिसिंग तीन वर्षं झालंच नव्हतं. न केल्याने काय होतं, ते आमच्या घरात दिसलं.

माझी आजी सांगलीला पाणी तापवायला तांब्याचा बंब वापरायची. रोज सकाळी आधी कालची राख काढायची, मग नवा जाळ. राख साठली की बंब धुमसतो, धूर डोळ्यांत जातो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण राख डोळ्यांसमोर होती. बॉयलरची राख झाकणाआड असते आणि धूर दिसत नाही. म्हणून तर ती बघायला माणूस बोलवायचा.

सर्व्हिसिंगने गॅसचं बिल उतरेल आणि त्यात फी भरून निघेल, असं कुणी सांगत असेल तर माझा विश्वास नाही. आमच्या बिलात तरी सांगण्यासारखा फरक पडला नाही. नव्वद पौंड देते ते वॉरंटी टिकावी आणि धूर मोजला जावा म्हणून. महिन्याच्या हप्त्याने देखभालीची योजना घेणाऱ्यांनीही वार्षिक भेटीत नक्की काय करतात ते कागदावर वाचावं. काही ठिकाणी नुसती वरवरची तपासणी असते, आणि ती वॉरंटीला चालेल का हे बॉयलरच्या कंपनीलाच विचारावं.

आता आमच्याकडे येणाऱ्या इंजिनिअरला पाऊण ते एक तास लागतो. झाकण निघतं, सापळा धुतला जातो, फिल्टर माझ्यासमोर बादलीत रिकामा होतो, मीटरवर घड्याळ लावून गॅस किती जातो ते मोजतो आणि धुराच्या आकड्यांची छापील पट्टी यंत्रातून काढून देतो. ती मी पुस्तिकेत चिकटवते. गेल्या ऑक्टोबरचं गुणोत्तर ०.०००९ होतं. पहिल्यांदा कार्ड मागितलं तेव्हा माझी जीभ अडखळली होती. त्याने हसून खिशातून काढून दिलं आणि म्हणाला, सगळ्यांनीच विचारायला हवं. नंतर मी आत जाऊन तो क्रमांक यादीत पाहिला, फोटो जुळवला, मग दार पूर्ण उघडलं. दारात थांबवलं म्हणून तो जराही रागावला नाही.

तुमच्या बॉयलरच्या उजव्या कडेला पिवळा स्टिकर असेल, खाली निळ्या शाईत सही असेल आणि माणूस वीस मिनिटांत निघून जात असेल, तर आधी झाकणाचे स्क्रू बघा. स्वतः उघडू नका. मग स्टिकरवरचा क्रमांक गॅस सेफला ०८०० ४०८ ५५०० वर विचारा. खरा इंजिनिअर येऊन धूर मोजेपर्यंत बॉयलर बंद ठेवा. घरात डोकं जड वाटत असेल किंवा अलार्म वाजला तर खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून ०८०० १११ ९९९ लावा. हा गॅसच्या आणीबाणीचा क्रमांक रात्रीही चालू असतो. आईंनी तो मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला आहे.