हीथ्रो ते कॅनरी व्हार्फ, सकाळी आठच्या गर्दीत: एक्स्प्रेस घ्यावी की एलिझाबेथ लाइन?

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलं की हीथ्रो एक्स्प्रेसच्या पाट्या दिसतात: पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन. यात खोटं काही नाही. पण ऑफिस कॅनरी व्हार्फ या पूर्व लंडनमधल्या ऑफिसांच्या भागात किंवा ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागात, म्हणजे लिव्हरपूल स्ट्रीट-मूरगेटच्या पट्ट्यात असेल, तर पॅडिंग्टनला आपलं काय काम? तिथून पुढे बहुतेक जण लंडन पश्चिमेकडून पूर्वेला पार करणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वेच पकडतात, आणि ती तर हीथ्रोवरूनच सुटते.

हिशेब मांडून बघा. टर्मिनल २-३ वरून एक्स्प्रेसने १५ मिनिटं. पॅडिंग्टनच्या मोठ्या स्टेशनातून बॅगा ओढत खाली एलिझाबेथच्या फलाटावर पोचायला सहा-सात. गाडीची वाट दोन-तीन, आणि पुढे कॅनरी व्हार्फ साधारण १७. झाली चाळीस-बेचाळीस. एलिझाबेथने थेट गेलात तर पंचेचाळीसच्या आसपास. एक्स्प्रेस दर पंधरा मिनिटांनी असते. एक जरी डोळ्यांदेखत सुटली तर ही बचत तिथेच संपली. भाडं मात्र कितीतरी जास्त, त्यात पुढच्या प्रवासाचं वेगळं. ऑफिस पॅडिंग्टनच्या आसपास असेल तर एक्स्प्रेस उत्तम. बाकीच्यांनी तिच्या नादी लागू नये.

एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली. गाडी नऊ डब्यांची, दोनशे मीटरहून लांब. एसी व्यवस्थित चालतो. सकाळच्या गर्दीतला मोठा फायदा म्हणजे हीथ्रोला गाडी रिकामी मिळते. हेज, साउथॉल, ईलिंग ब्रॉडवे करत ती भरत जाते आणि साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पॅडिंग्टननंतर उभं राहायलाही जागा शोधावी लागते, पण तोवर आपण बसलेलो असतो. बॅगांसाठी वेगळे रॅक नाहीत, ही उणीव आहे. चार चाकांची बॅग ब्रेक लागला की घरंगळत समोरच्याच्या नडगीवर जाते. ती आडवी करून पायांत अडकवा. आणि गाडीत शौचालय नाही. विमानतळावरच उरकून घ्या.

आता चुका कुठे होतात ते. टर्मिनल २-३ च्या स्टेशनात एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ एकाच फलाटावर येतात. समोर आली म्हणून चढलात आणि ती एक्स्प्रेस निघाली, तर जास्तीचं भाडं बसतं. दुसरं, प्रत्येक एलिझाबेथ गाडी कॅनरी व्हार्फला जात नाही. पाटीवर शेवटचं स्टेशन ॲबी वूड हवं. दुसऱ्या फाट्यावरच्या शेनफिल्डची गाडी मिळाली तर बसून घ्या, लिव्हरपूल स्ट्रीट किंवा व्हाइटचॅपलला उतरा आणि त्याच फलाटावर मागून येणारी ॲबी वूडची गाडी पकडा. जिने चढायचे नाहीत.

तिकीट काढायची गरज नाही, काँटॅक्टलेस कार्ड पुरतं. मात्र आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवा. आत कार्ड आणि बाहेर तेच कार्ड घातलेला फोन, असं केलंत तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, आणि दोघांचेही प्रवास अपुरे; दोन्हींवर कमाल भाडं लागतं. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि काँटॅक्टलेस व्यवहार निघण्याआधी सुरू करून ठेवा.

डबा कुठला निवडायचा, यालाही महत्त्व आहे. लिव्हरपूल स्ट्रीटच्या फलाटाचं एक टोक मूरगेटला उघडतं. मूरगेटला जाणाऱ्यांनी मागच्या डब्यांत बसावं, बिशप्सगेटकडे जाणाऱ्यांनी पुढच्या. उलटं झालं तर अख्खा फलाट गर्दीतून तुडवावा लागतो. कॅनरी व्हार्फचं एलिझाबेथ स्टेशन ज्युबिली लाइन या भुयारी रेल्वेच्या स्टेशनपासून वेगळं आहे, त्यामुळे कुणाला भेटायचं असेल तर नुसतं ‘कॅनरी व्हार्फ स्टेशन’ सांगून भागत नाही.

टॅक्सीबद्दल थोडक्यात: हीथ्रो पश्चिमेला, कॅनरी व्हार्फ पूर्वेला, म्हणजे अख्खं लंडन आडवं कापायचं. सकाळी दीड-दोन तास धरून चाला, आणि काळ्या टॅक्सीचं मीटर गाडी उभी असतानाही पळतं.

या लाइनचा खरा कच्चा दुवा पॅडिंग्टनच्या पश्चिमेला आहे. तिथे ती इतर रेल्वेगाड्यांच्या जुन्या मार्गावरून धावते. डिसेंबर २०२३ मध्ये याच भागात विजेच्या तारांचा बिघाड होऊन प्रवासी अंधारात काही तास अडकले होते. एक्स्प्रेसचाही मार्ग तोच, त्यामुळे एलिझाबेथ बंद पडली की एक्स्प्रेसकडे धाव घेण्यात अर्थ नसतो. अशा वेळी हीथ्रोवरूनच सुटणारी पिकॅडिली लाइन ही भुयारी रेल्वे घ्या, तिचे रूळ वेगळे आहेत. ग्रीन पार्कला ज्युबिली लाइन पकडायची. बदलाचा बोगदा लांबलचक आहे आणि एकूण वेळ तासाच्या पुढे जातो, पण मीटिंग बुडत नाही.