जुन्या सुप्रोला क्लूसनच्या नव्या खुंट्या: घ्याव्यात का?

जुन्या लॅप स्टीलच्या, म्हणजे मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारच्या, खुंट्या बदलताना मी आधी एकच गोष्ट बघते. लाकडाला नवं भोक पाडावं लागणार आहे का? लागणार असेल तर तो संच कितीही भारी असो, माझ्या वाद्याला तो नको. क्लूसनचा 'एका पट्टीवर तीन' (पत्र्याच्या एका पट्टीवर तीन खुंट्या) हा संच मला आवडला तो मुख्यतः यासाठीच. माझ्या १९५० च्या दशकातल्या सुप्रोवर तो जुन्याच भोकांत बसला. ड्रिल कपाटातून काढावंच लागलं नाही.

सुप्रो म्हणजे व्हॅल्को कंपनीचा माल. व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा या तिघांच्या नावांवरून 'व्हॅल्को'. कारखाना शिकागोचा, १९६८ मध्ये बंद पडला. खुंट्या करणारी क्लूसनही शिकागोचीच, जॉन क्लूसन यांनी १९२५ मध्ये काढलेली. मूळ कंपनी कधीच बंद झाली. पुढे ते नाव दुसऱ्यांनी घेतलं आणि पुन्हा चालू केलं, त्यामुळे आजचा संच त्या जुन्या कारखान्यातून येत नाही. पण मापं जुनी जपलीत, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला तेवढंच हवं असतं. मी शिकागोच्याच एका उपनगरात राहते, गिअर म्हणजे यंत्रांची दातेरी चाकं तपासण्याचं काम करते, आणि संध्याकाळी मांडीवर हे वाद्य घेऊन बसते. गिरगावातले माझे मामा हवाईन गिटार वाजवायचे. व्हॅन शिप्लींच्या रेकॉर्डी ऐकून एकेक जागा घोटायचे. माझा नाद तिथून आला.

आता मूळ दुखणं. तार उतरायची. सूर लावावा, दोन गाणी वाजवावीत की दुसरी तार हमखास खाली. अशा वेळी लोक लगेच खुंट्यांना दोष देतात. तो बरोबर असतोच असं नाही, कारण तार नटमध्ये, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या तुकड्यात, अडकते किंवा खांबावरचे, म्हणजे तार गुंडाळतो त्या दांड्यावरचे, वेढे सरकतात तेव्हाही हेच होतं. यावर माझी एक साधी तपासणी आहे. सूर लावून झाला की बारीक मार्करने खांबाच्या डोक्यावरून खालच्या बुशपर्यंत, म्हणजे खांबाभोवतीच्या धातूच्या कड्यापर्यंत, एक रेघ ओढायची आणि मग जरा जोर लावून वाजवायचं. सूर उतरला आणि रेघही तुटली, तर खांब फिरलाय, म्हणजे गिअरमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे. सूर उतरला पण रेघ जागच्या जागी, तर खुंट्यांवर पैसे घालू नका. आधी नटच्या खाचा साफ करा, तारा नीट गुंडाळा.

माझ्या दुसऱ्या आणि पाचव्या खुंटीची रेघ स्पष्ट तुटली होती. पट्टी उतरवून भिंगाखाली धरली तेव्हा कारण समोर दिसलं. वर्मचे (बटणाच्या दांड्यावरच्या, गिअर फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या भागाचे) आटे मधोमध झिजून धारदार झाले होते, गिअरचे दात एका बाजूने खाल्लेले, आणि पट्टीतलं खांबाचं भोक नटच्या दिशेने लांबट झालेलं. तारेचा ताण सत्तर वर्षं एकाच बाजूला ओढत राहिला की पत्र्याचं दुसरं काय होणार! खांब जरा पुढे झुकला की गिअर वर्मपासून दूर जातो आणि खेळ आणखी वाढतो. इथे ग्रीस घालून काही साधत नाही. बटणांचं प्लॅस्टिकही आकसलं होतं, नख लावलं की भुगा पडायचा. नुसती बटणंच गेली असती तर मी पट्टी बदलली नसती. सुटी बटणं मिळतात. दांडा सोल्डरिंग आयर्नने गरम करून त्यावर ती दाबून बसवता येतात. आटे शाबूत असतील त्यांनी तेवढंच करावं.

हे सगळं मी इतकं मनावर का घेते? लॅप स्टीलला पडदे दाबायचे नसतात. सगळ्या तारांवर एक सरळ लोखंडी बार टेकवायचा, त्यामुळे तारांचं आपसातलं नातं खुंटीवर जसं लावाल तसंच ऐकू येतं. मी सी सिक्स्थ लावते, म्हणजे खालून वर सा, ग, प, ध, सा, ग. आता यातला गांधार इलेक्ट्रॉनिक ट्यूनर दाखवतो तसा लावला तर तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो चढा लागतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट) खाली असतो, आणि स्टील वाजवणारे पुष्कळ जण तिसरा सूर तसाच उतरवून घेतात. एवढीशी उतरण करायची तर खुंटीने हुकूम ऐकायला हवा. बटण किंचित उलटं फिरवलं तर आधी नुसताच पोकळ फिरण्याचा भाग जातो आणि मग तार एकदम उडी मारते. झिजलेल्या खुंटीवर गांधार लावणं म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ.

नव्या संचात हा पोकळ भाग जवळजवळ नाही. बटण उलटं वळवलं की लगेच सूर हलायला लागतो. माझ्या जुन्या पट्टीच्या गिअरला १२ दात होते, म्हणजे प्रमाण १२ला १. नव्याचं प्रमाण १५ला १, म्हणजे बटणाचे १५ फेरे झाले की खांबाचा एक. पाव इंची खांबाचा घेर साधारण २० मिलिमीटर धरला तर पूर्वी बटणाच्या एका फेऱ्यात सुमारे १.७ मिलिमीटर तार ओढली जायची, आता १.३. कागदावर फरक किरकोळ वाटतो, बोटांना मात्र तो पहिल्याच गांधाराला कळला. अर्थात तार वर चढवतच सुरात आणायची ही सवय नव्या खुंट्यांवरही सोडू नये. पुढे गेलात तर पुरेसं खाली उतरा आणि पुन्हा वर या.

मापांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे वाया जातात ते इथेच. माझ्या जुन्या पट्टीवर दोन खांबांच्या मध्यांमधलं अंतर व्हर्निअरने (बारीक मोजणीच्या मापपट्टीने) ३५.७ मिलिमीटर भरलं. बाजारात ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या भरपूर मिळतात आणि स्वस्तही असतात. ०.७ ने काय बिघडतं, असं वाटेल. पण मधला खांब भोकात बरोबर धरला की दोन्ही टोकांचे खांब ०.७ ने सरकलेले राहतात, स्क्रू आवळल्यावर बुशला घासतात आणि खुंटी जड फिरते. क्लूसनच्या आधी एका ऑनलाइन दुकानातून असाच एक बिननावाचा संच आला होता. वर्णनात 'व्हिंटेज माप' लिहिलेलं, प्रत्यक्षात ३५. तो परत गेला. दुसरी गोष्ट भोकाची. जुन्या पद्धतीच्या क्लूसनला सुमारे ८.८ मिलिमीटरचं भोक लागतं, आजच्या बंद डबीच्या जाड खुंट्यांना १० मिलिमीटरचं. त्या खुंट्या यंत्र म्हणून उत्तम असतात, गिअरवाली म्हणून मला त्यांचं कौतुकही आहे. पण त्यांच्यासाठी सत्तर वर्षांचं डोकं रुंद करायचं आणि मूळ पट्टी परत बसवायची वाटच बंद करायची, हे मला पटत नाही. वजनही वाढतं आणि मांडीवरचं वाद्य डोक्याकडे कलतं.

बसवणं अवघड नाही, घाई मात्र नको. जुने स्क्रू गंजून लाकडात घट्ट बसलेले असतात. जोर लावला की डोकं तुटतं आणि बाकीचा तुकडा आत राहतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर थोडा वेळ टेकवायचं आणि मग हलक्या हाताने फिरवायचं. ज्या भोकांत स्क्रू धरत नव्हता तिथे मी लाकडी दातकोरणीचा तुकडा सरसात बुडवून बसवला आणि रात्रभर वाळू दिला. नव्या स्क्रूच्या आट्यांना मेण लावलं. पट्टी ठेवल्यावर आधी एकही स्क्रू न आवळता सहाही बटणं फिरवून बघावीत, मग प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत पुन्हा पुन्हा फिरवून बघावीत. ज्या स्क्रूनंतर बटण जड झालं, तिथेच पट्टी ओढली जातेय. गिअरच्या मधला छोटा स्क्रूही तपासा. तो सैल असला तर खेळ राहतो, फार आवळला तर खुंटी चावते.

किंमत मला चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात पडली, त्यात दोन पट्ट्या, बुश आणि स्क्रू आले. नवी बटणं पांढरीशुभ्र आहेत आणि सुप्रोचं मोतिया आवरण आता मधासारखं पिवळं झालंय, त्यामुळे डोकं जरा उठून दिसतं. चहाच्या पाण्यात बुडवून बटणं रंगवणारे लोक आहेत. मी तशीच ठेवली. वाद्याची दुरुस्ती झाली आहे हे दिसलं तर दिसू दे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? जुन्या पट्ट्या आणि स्क्रू एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून, वाद्याच्या पेटीतच ठेवलेत. पुढे हे ज्याच्या हाती जाईल त्याला मूळ माल मिळायला हवा.

एक सूचना आवर्जून. तुमच्या लॅप स्टीलच्या डोक्याला खाचा असतील, म्हणजे तारा आत आडव्या दांड्यांवर गुंडाळल्या जात असतील, तर हा संच मागवू नका. तिथे आडव्या दांड्यांच्या वेगळ्या पट्ट्या लागतात. आणि मागवण्याआधी व्हर्निअरने अंतर मोजाच. एका पट्टीवरच्या तीन खांबांपैकी टोकाचे दोन खांब धरून मोजा आणि दोनने भागा, म्हणजे चूक अर्धी होते. माझ्यासारखं ३५.७ आलं, भोक ८.८ च्या आसपास असलं, तर डोळे मिटून घ्या.