ट्रेझर सेफ ३ : स्क्रीन एवढीशी, पण पैसे त्या स्क्रीनचेच

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून (क्रिप्टो घ्यायची-विकायची जागा) साधारण २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली तेव्हापासून घरातले, ऑफिसातले सगळे विचारायला लागले की एक्स्चेंजवरून काढून स्वतःकडे ठेवायची कशी. तर मी वापरतोय ते ट्रेझर सेफ ३, म्हणजे हार्डवेअर वॉलेट, क्रिप्टोची किल्ली इंटरनेटपासून लांब ठेवणारं छोटं यंत्र. प्रागच्या कंपनीचं आहे, २०२३ च्या ऑक्टोबरात आलं, तेव्हा किंमत ७९ डॉलर होती, भारतात मागवलं की कस्टम वगैरे धरून जरा जास्तच पडतं. ओएलएक्सवर किंवा कोणाकडून सेकंडहँड स्वस्तात मिळतंय म्हणून अजिबात घेऊ नका, हे एकच यंत्र आहे जिथे पाचशे रुपये वाचवायच्या नादात सगळं जाऊ शकतं. आणि डब्यात कोणी आधीच रिकव्हरीचे शब्द (यंत्र हरवलं तरी पैसे परत मिळवून देणारी गुप्त शब्दांची यादी) लिहिलेलं कार्ड दिलं असेल तर तो सरळ फ्रॉड आहे, शब्द नेहमी यंत्र तुमच्यासमोर तयार करतं. फर्मवेअर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) सुद्धा पहिल्यांदा जोडल्यावरच टाकायचं असतं, त्यामुळे रिकामं यंत्र बघून घाबरू नका.

आता हे आहे काय तर पेनड्राइव्हएवढी वस्तू, दोन बटणं आणि ०.९६ इंची काळीपांढरी स्क्रीन. एवढ्याशा स्क्रीनवर अ‍ॅड्रेस (क्रिप्टोचा खातेक्रमांकच समजा, अक्षर-आकड्यांची लांब ओळ) वाचायचा म्हणजे आमच्या बाबांच्या वयाच्या माणसाला चष्मा वर-खाली करावा लागतो, पण सगळे पैसे त्या स्क्रीनचेच आहेत असं माझं मत. कारण लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल तर तुम्ही कॉपी केलेला अ‍ॅड्रेस पेस्ट करताना गुपचूप बदलला जातो, तुम्हाला कळत पण नाही. ट्रेझर सूट अ‍ॅपमध्ये रिसीव्हवर गेलात की पूर्ण अ‍ॅड्रेस यंत्रावर पण दिसतो, तोच खरा धरायचा, लॅपटॉपवरचा नाही. पाठवताना पण तसंच, अ‍ॅड्रेस, रक्कम, फी सगळं यंत्रावर येतं आणि बटण दाबल्याशिवाय काहीही जात नाही.

आणि जुळवताना पहिले चार शेवटचे चार बघून सोडू नका. मे २०२४ मध्ये एका माणसाचे जवळपास ६.८ कोटी डॉलरचे रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) असेच गेले होते, चोराने सुरुवात आणि शेवट सारखा असलेला अ‍ॅड्रेस बनवून त्याच्या हिस्टरीत चिल्लर व्यवहार टाकून ठेवला आणि याने हिस्टरीतून कॉपी केला (नंतर बहुतेक पैसे परत मिळाले म्हणे नशीब, नाहीतर असं कोण परत करतं). त्यामुळे हिस्टरीतून कॉपी करायचं नाही, कधीच नाही, दर वेळी रिसीव्हमधून नवीन घ्या.

बिटकॉइनमध्ये नवख्यांचा एक हमखास गोंधळ होतो, सूट दर वेळी वेगळा अ‍ॅड्रेस दाखवतं. आमच्या मावसभावाने रात्री साडेअकराला फोन केला, दादा माझं वॉलेटच बदललं रे! नाही बदललं, जुने अ‍ॅड्रेस पण तुझेच आहेत, चालतात. इथेरियमला मात्र एकच राहतो.

खरी गडबड नेटवर्कमध्ये (क्रिप्टो कुठल्या ब्लॉकचेनवरून जाते त्यात) होते, आणि हे यंत्र तिथे तुम्हाला वाचवू शकत नाही. एक्स्चेंजवर यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं कॉइन) काढताना इथेरियम, ट्रॉन, अजून चार नावं येतात, लोक फी कमी दिसते म्हणून कुठलंही दाबतात. समोरच्या वॉलेटमध्ये तेच नेटवर्क चालतं का ते आधी बघा मग फीचा विचार करा. शिवाय यूएसडीटी इथेरियमवर आणलंत आणि वॉलेटमध्ये थोडं ईथर (इथेरियमचं स्वतःचं कॉइन) नसेल तर ते तिथेच बसून राहतं, कारण गॅस (व्यवहाराची फी) ईथरमध्येच द्यावा लागतो. एक्सआरपी या कॉइनचं अजून वेगळं, नवीन अ‍ॅड्रेसला किमान १ एक्सआरपी ठेवावाच लागतो, त्यामुळे अर्ध्या एक्सआरपीची टेस्ट पाठवली तर फेल जाणार, आणि परत एक्स्चेंजवर पाठवताना डेस्टिनेशन टॅग (पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे ते सांगणारा आकडा) विसरला की मग सपोर्टला मेल करत बसा.

टेस्ट मात्र करायचीच, आधी थोडेसे पाठवा, पोचले की मग बाकीचे. फी दोनदा जाते म्हणून लोक कंटाळा करतात. माझं म्हणणं त्याच्याही पुढे, टेस्टचे पैसे आले की यंत्र पूर्ण पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत सुरू करा, बॅलन्स दिसला तर मगच मोठी रक्कम. हे कोणी करत नाही, पण कागदावर एक शब्द चुकीचा लिहिलाय हे कळायला यापेक्षा चांगली वेळ नाही. तसंही पिन ठरावीक वेळा चुकला तर यंत्र स्वतःच पुसलं जातं, तेव्हा शब्द बरोबर असलेले बरे.

शब्दांबद्दल अजून एक, आता बाय डिफॉल्ट २० शब्द मिळतात आणि इतर बरीच वॉलेट १२ किंवा २४ च घेतात. उद्या दुसऱ्या कंपनीचं घ्यायचा विचार असेल तर सेटअपच्या वेळीच १२ किंवा २४ निवडा. फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवू नका. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेझरच्या सपोर्टसाठी वापरत असलेल्या बाहेरच्या पोर्टलमधून हजारो ग्राहकांचे ईमेल उघडे पडले होते, त्यामुळे कंपनीच्या नावाने शब्द मागणारा मेल आला तर डिलीट.

ब्लूटूथ नाही, केबल लागते, अँड्रॉइडला ठीक चालतं, आयफोनवाल्यांनी मात्र आपल्या फोनवर काय काय चालतं ते नीट बघूनच घ्यावं. पाच-दहा हजाराचीच क्रिप्टो असेल तर एवढा खर्च करू नका, फोनवरचं साधं वॉलेट पुरे. आणि ऑर्डर करायच्या आधी तुमच्या एक्स्चेंजमध्ये तुमच्या कॉइनचं विथड्रॉ चालू आहे का ते बघा, आपल्याकडे बऱ्याच अ‍ॅपवर काही कॉइन नुसते घेता-विकता येतात, बाहेर काढताच येत नाहीत, मग यंत्र घेऊन करणार काय.